सहा कधी पडणार? फाशाची संभाव्यता मोजायला शिकताना

नवतपा लागला की नागपुरात दुपारी बारा ते पाच रस्ते ओस पडतात. घरोघरी कूलर घरघरत असतो आणि त्याच्यासमोरच्या गार फरशीवर पोट्टे लुडोचा पट मांडून बसलेले असतात. महालातल्या आमच्या घरी तर मे महिनाभर तो पट उचललाच जात नाही. गेल्या सुट्टीत माझी भाची अशाच एका डावात रडकुंडीला आली. दहा पाळ्या झाल्या तरी तिला एकदाही सहा पडला नव्हता, चारही गोट्या घरातच. "मावशी, माझ्याच वेळी काऊन नाही पडत सहा? फासाच खराब आहे हा!"

प्रश्न रास्त होता. मी तिला वही-पेन आणायला सांगितलं. पुढच्या तीन-चार दुपारी आम्ही दोघींनी जे केलं, तेच इथे पायरीपायरीने लिहिते आहे. ज्यांना दहावीला संभाव्यतेचं प्रकरण आहे त्यांना, त्यांच्या आईबाबांना आणि गणिताशी फार दिवस बोलणं नसलेल्या कुणालाही हे जमेल. अपूर्णांकांचा गुणाकार येत असला की पुरे. सूत्र एका ओळीचं आहे. चुका होतात त्या मोजण्यात, म्हणून मी मोजण्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

आधी फासा हातात घ्या

फासा फिरवून बघा. समोरासमोरच्या दोन बाजूंच्या ठिपक्यांची बेरीज नेहमी ७ येते: १ च्या पाठीमागे ६, २ च्या मागे ५, ३ च्या मागे ४. तशी नसेल तर फासा चुकीचा छापलेला आहे, बाजूला ठेवा. कोपरे झिजलेले, एखादी बाजू वितळून दबलेली असेल तर तोही नको.

भाचीला फाशावर संशय होता, म्हणून आम्ही मिठाच्या पाण्याची चाचणी केली. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, फासा टाका आणि तो तरंगेपर्यंत मीठ विरघळवत राहा. मग बोटाने टिचकी मारून त्याला पुन्हापुन्हा गरगरा फिरवा. दर वेळी तीच बाजू वर येऊन थांबत असेल तर आतून वजन एका अंगाला आहे. वेगवेगळ्या बाजू येत असतील तर निदान ढोबळ खोट नाही. काही फासे जड प्लास्टिकचे असतात, ते कितीही मीठ घातलं तरी बुडालेलेच राहतात. त्यांच्यासाठी दुसरी चाचणी खाली येईल. आमचा फासा तरंगला आणि निर्दोष निघाला.

पहिली पायरी: काय काय होऊ शकतं, ते सगळं लिहा

एक फासा टाकला तर १, २, ३, ४, ५, ६ यांपैकी एक दान पडतं. एवढंच. शाळेच्या पुस्तकात या यादीला 'नमुना अवकाश' म्हणतात आणि यादीतल्या एकेका दानाला 'निष्पत्ती'. नाव जड आहे, वस्तू साधी आहे. यादी वहीत खरोखर लिहा, मनात धरू नका.

या यादीला एक अट आहे, आणि तिच्यावरच पुढचं सगळं उभं आहे: यादीतली प्रत्येक गोष्ट घडण्याची शक्यता सारखी हवी. पुस्तकात याला 'समसंभाव्य' म्हणतात. चांगल्या फाशाच्या सहाही बाजू सारख्या असतात, म्हणून तिथे हे चालतं. पण आमच्या आजीच्या वेळी फासा म्हणून चिंचोके होते. चिंचोका घासून दोन खापा करायच्या, एक बाजू पांढरी, दुसरी काळी, आणि अशा चार खापा ओंजळीतून टाकायच्या. किती पांढऱ्या वर आल्या? शून्य, एक, दोन, तीन किंवा चार. यादी पाचाची झाली, म्हणून प्रत्येकाची संभाव्यता १/५ असं कुणी म्हणेल. ते चूक आहे. पांढरी-काळी सारख्याच सहज पडतात असं धरलं तरी चार खापा पडण्याचे १६ प्रकार होतात. त्यात शून्य पांढऱ्या एकाच प्रकारे, एक पांढरी ४ प्रकारे, दोन ६ प्रकारे, तीन ४ प्रकारे आणि चारही पांढऱ्या पुन्हा एकाच प्रकारे येतात. वर खाप एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजू सारख्या पडतीलच असंही नाही. कवड्यांचंही तेच. म्हणून शिकायला सुरुवात सहा बाजूंच्या फाशापासून करावी.

दुसरी पायरी: प्रश्नाचंही यादीत रूपांतर करा

'सम संख्या पडेल का?' हा प्रश्न वहीत असा दिसतो: २, ४, ६. 'चारपेक्षा मोठी?' म्हणजे ५, ६. 'मूळ संख्या?' म्हणजे २, ३, ५. इथे बरीच मुलं १ लिहितात आणि २ विसरतात. १ ही मूळ संख्या नाही, २ आहे. 'निदान चार' म्हणजे ४, ५, ६, पण 'चारपेक्षा जास्त' म्हणजे ५, ६ च. परीक्षेतले गुण जातात ते या शब्दांवर, गणितावर नाही.

अशा यादीला 'घटना' म्हणतात.

तिसरी पायरी: भागाकार

घटनेच्या यादीतली संख्या भागिले पूर्ण यादीतली संख्या. झालं सूत्र.

सहा पडण्याची संभाव्यता १/६, म्हणजे साधारण १६.७ टक्के. सम पडण्याची ३/६, म्हणजे निम्मी. चारपेक्षा मोठी २/६. सात पडण्याची ०/६ म्हणजे शून्य, कारण तो फाशावर नाहीच. सातपेक्षा लहान काहीतरी पडण्याची ६/६ म्हणजे १, खात्रीच. तुमचं उत्तर शून्यापेक्षा कमी किंवा एकापेक्षा जास्त आलं तर मोजण्यात कुठेतरी घसरलात, मागे जाऊन याद्या पुन्हा बघा.

'किंवा' आला की जरा थांबा. 'सम किंवा चारपेक्षा मोठी' याचं उत्तर बहुतेक जण ३ + २ = ५, म्हणजे ५/६ असं देतात. याद्या लिहा: २, ४, ६ आणि ५, ६. सहा दोन्हीकडे आहे, पण फाशावर तो एकच आहे. एकत्र यादी २, ४, ५, ६. उत्तर ४/६.

आणि 'नाही' आला की उलट बाजूने या. सहा न पडण्याची संभाव्यता म्हणजे १ वजा १/६, म्हणजे ५/६. ही साधी वजाबाकी पुढच्या पायरीत फार मोठं काम करते.

चौथी पायरी: पुन्हापुन्हा फासा टाकणं

आता भाचीचा प्रश्न. एका पाळीत सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. दोन पाळ्यांत एकदाही न पडण्याची ५/६ × ५/६ = २५/३६. गुणाकार का? पहिल्या दानाचे ६ प्रकार, त्या प्रत्येकाबरोबर दुसऱ्याचे ६, असे एकूण ३६. त्यातले सहा नसलेले ५ × ५ = २५. म्हणजे गुणाकार हेही मोजणंच आहे, फक्त भराभर केलेलं.

असा गुणाकार दहा वेळा केला की ०.१६१५ येतं. दहा पाळ्यांत एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता सुमारे १६ टक्के. म्हणजे सहा डावांतून जवळपास एका डावात तुमच्यावर हीच पाळी येणार. दुर्मीळ नाही हे.

पण आम्ही तिथे थांबलो नाही. खेळायला चार जण होते. चौघांपैकी निदान एकाची गोटी दहा पाळ्यांनंतरही अडकलेली असण्याची संभाव्यता किती? पुन्हा उलट बाजूने या. एकाला दहा पाळ्यांत सहा मिळण्याची संभाव्यता १ वजा ०.१६१५ = ०.८३८५. चौघांनाही मिळण्याची ०.८३८५ चार वेळा गुणून ०.४९४. म्हणजे कुणीतरी एक जण अडकण्याची संभाव्यता ०.५०६, निम्म्याहून किंचित जास्त! चार जणांच्या जवळपास दर दुसऱ्या डावात कुणीतरी एक पोट्टं रडकुंडीला येणारच. हा आकडा वहीत उतरला तेव्हा भाचीचा चेहरा खुलला. तिच्याशी कुणी वाकडं वागत नव्हतं.

"म्हणजे आता अकराव्या वेळी नक्की पडेल ना?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि तो जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नाही. अकराव्या दानालाही १/६ च. मागची दहा दानं काय पडली हे फाशाला ठाऊक नसतं, त्याला सहा बाजू आहेत आणि त्या तशाच आहेत. १६ टक्के ही खेळ सुरू होण्याआधीची दहा दानांची एकत्र गोष्ट होती. दहा दानं पडून गेल्यावर ती संपली. हा फरक नीट कळायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली, म्हणून तुम्हाला पहिल्या वाचनात पटला नाही तर इथे थोडं रेंगाळा.

एक जुना हिशेब सांगते. चार वेळा फासा टाकून निदान एक सहा पडण्याची संभाव्यता किती? चार वेळा १/६, म्हणून ४/६ असं म्हणू नका. सहा वेळा टाकला तर ६/६, म्हणजे खात्रीच, असं ठरेल, आणि ते खोटं आहे हे लुडो खेळलेल्या कुणालाही माहीत आहे. बरोबर रीत: १ वजा (५/६ चार वेळा गुणून), म्हणजे १ − ६२५/१२९६ = ६७१/१२९६, सुमारे ५१.८ टक्के. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये शेवालिए द मेरे या नावाने ओळखला जाणारा एक लेखक असल्या पैजांवर विचार करायचा. दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा जोडीने सहा-सहा पडण्याची पैज त्याच हिशेबाने फायद्याची असायला हवी, असं त्याला वाटायचं. कारण ४ ला ६ तसे २४ ला ३६. खरा आकडा येतो ४९.१ टक्के, निम्म्याच्या खाली. त्याने पास्कालपुढे जुगाराचे प्रश्न ठेवले, आणि १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोघा गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात या शास्त्राचा पाया पडला.

पाचवी पायरी: दोन फासे

इथे सगळ्यात जास्त घसरगुंडी आहे. एक लाल आणि एक पांढरा फासा घ्या. एकाच रंगाचे घेऊ नका, कारण पुढे कळेलच. वहीत सहा आडव्या, सहा उभ्या ओळींचा चौकोन आखा. आडवा लाल, उभा पांढरा. ३६ घरं होतात, आणि प्रत्येक घरात बेरीज लिहा.

दोन फाशांची बेरीज २ पासून १२ पर्यंत येते, म्हणजे अकरा शक्यता, म्हणून प्रत्येकाची १/११? चिंचोक्याचीच चूक पुन्हा. चौकोनात मोजा. २ एकाच घरात आहे, ३ दोन घरांत, ४ तीन, ५ चार, ६ पाच, ७ सहा घरांत. मग उतरतं: ८ पाच, ९ चार, १० तीन, ११ दोन, १२ एक. या सगळ्यांची बेरीज ३६ यायलाच हवी, ताळा करून बघा. सात पडण्याची संभाव्यता ६/३६ म्हणजे १/६, आणि बारा पडण्याची फक्त १/३६.

बेरीज ३ दोन घरांत कशी? लाल १, पांढरा २ हे एक घर. लाल २, पांढरा १ हे दुसरं. फासे एकाच रंगाचे असते तर डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसले असते, पण घडण्याच्या वाटा दोनच राहिल्या असत्या. रंगाने काही बदलत नाही, फक्त दिसतं. १-१ मात्र एकाच वाटेने येतं.

निदान एक सहा? लालच्या सहाची ओळ ६ घरांची, पांढऱ्याच्या सहाची ओळही ६ घरांची, पण सहा-सहाचं कोपऱ्यातलं घर दोन्ही ओळींत आहे. म्हणून १२ नाही, ११. उत्तर ११/३६. उलट बाजूने ताळा: १ − २५/३६ = ११/३६. दोन वाटांनी तेच उत्तर आलं की मन निश्चिंत होतं. मुलांना मी ही सवय पहिल्या दिवसापासून लावते.

मोजण्याचं आणि फाशाचं नातं विदर्भाला नवं नाही. दमयंती विदर्भाची राजकन्या. महाभारताच्या वनपर्वात नल द्यूतात राज्य हरतो आणि बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दोघे रथातून विदर्भाकडे, कुंडिनपुरास निघालेले असताना वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसतं बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नलाला खरं वाटत नाही. तो रथ थांबवतो, उतरतो, मोजतो, आणि आकडा जुळतो. राजा म्हणतो, मला फाशांचं रहस्य येतं आणि मोजणीतही मी निष्णात आहे. मग नल त्याच्याकडून ती विद्या घेतो आणि बदल्यात घोड्यांची विद्या देतो. झाड बेहड्याचंच असणं मला फार आवडतं, कारण त्या काळी फासे म्हणून बेहड्याच्याच बिया वापरत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तातही त्या आहेत. आमच्या विदर्भाच्या जंगलांत हे झाड आजही भेटतं.

सहावी पायरी: तीन फासे, आणि जत्रेतला पट

तीन फाशांचे प्रकार ६ × ६ × ६ = २१६. बेरीज ९ आणि बेरीज १० यांतली कुठली जास्त वेळा येते? ९ होण्याच्या जोड्या लिहा: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. सहा. १० च्या: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. त्याही सहा. मग दोन्ही सारख्या? तरी खेळणाऱ्यांना अनुभव यायचा की १० किंचित जास्त पडतो. हे कोडं इटलीत गॅलिलिओपुढे आलं आणि त्याने सगळे प्रकार मोजून सोडवलं. तिन्ही आकडे वेगळे असले तर ती जोडी ६ वाटांनी येते, दोन सारखे असले तर ३ वाटांनी, तिन्ही सारखे असले तर एकाच. आता ९ साठी बेरीज करा: ६ + ६ + ३ + ३ + ६ + १ = २५. आणि १० साठी: ६ + ६ + ३ + ६ + ३ + ३ = २७. फरक फक्त २/२१६. ३-३-३ ने घोटाळा केला होता.

आता पैशाची गोष्ट. जत्रेत, मंडईत चित्रांचे फासे घेऊन कुणी बसलेलं दिसतं. झेंडा, मुकुट, बदाम, इस्पिक, किलवर, चौकट अशी सहा चित्रं पटावर असतात. नियम जागोजागी वेगळे असतात, मी मोजायला सोपा प्रकार घेते. तुम्ही एका चित्रावर १० रुपये लावायचे, तो तीन फासे टाकणार. तुमचं चित्र एका फाशावर आलं तर १० रुपये जिंकलात, दोनवर आलं तर २०, तीनवर ३०. एकावरही नाही आलं तर लावलेले १० गेले. ऐकायला छान वाटतं: तीन फासे, सहा चित्रं, म्हणजे निम्म्या वेळा तर आपण जिंकणारच, वर जोडी आली की जास्तीचे!

२१६ प्रकार मोजा. एकावरही नाही: ५ × ५ × ५ = १२५. बरोबर एकावर: तुमचं चित्र तीनपैकी कुठल्या फाशावर, ३ × ५ × ५ = ७५. दोनवर: ३ × ५ = १५. तिन्हीवर: १. ताळा: १२५ + ७५ + १५ + १ = २१६. प्रत्येक प्रकार एकदा आला असं धरलं तर जिंकलेले रुपये ७५ × १० + १५ × २० + १ × ३० = १०८०. हरलेले १२५ × १० = १२५०. म्हणजे २१६ डावांमागे १७० रुपये पटवाल्याच्या खिशात, दर दहा रुपयांमागे जवळजवळ ७९ पैसे. त्याला फासा वजनाचा करायची काही गरजच नाही. फासा अगदी खरा असला तरी संध्याकाळपर्यंत पैसा त्याच्याकडेच सरकतो. मुलांना जत्रेत नेण्याआधी हा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या, आपण शंभरदा नको म्हणण्यापेक्षा तो लवकर पटतो.

फासा खरंच नीट आहे का: टाकून बघा

मिठाच्या पाण्यात न तरंगणाऱ्या फाशासाठी ही चाचणी. ६० वेळा फासा टाका आणि प्रत्येक दानासमोर रेघ मारा. प्रत्येक आकडा बरोबर १० वेळा येईल अशी अपेक्षा धरू नका, तसं क्वचितच होतं. एखादा ७ वेळा, एखादा १३ वेळा हे अगदी नेहमीचं. एखादा आकडा ५ पेक्षा कमी किंवा १५ पेक्षा जास्त वेळा आला तर शंका घ्यावी, पण लगेच निकाल देऊ नये, चाचणी पुन्हा करावी. हातात वेळ असेल तर ६०० वेळा टाका. तेव्हा प्रत्येक आकडा साधारण ८२ ते ११८ च्या आत असावा. दानं दहापट झाली तरी हेलकावा दहापट होत नाही, तीनपटीच्या आसपासच वाढतो. म्हणून जास्त वेळा टाकलं की खोट उघडी पडते. आमच्याकडे चौघांनी दीडदीडशे दानं वाटून घेतली आणि एका दुपारीच काम उरकलं.

लुडोत याचा उपयोग

शेवटी भाचीला जे हवं होतं ते: गोटी कुठे उभी करावी? मागून येणारी एकच गोटी तुमच्यापासून १ ते ६ घरांत असेल तर तिला एक ठरावीक दान हवं, म्हणजे तुम्ही कापले जाण्याची संभाव्यता १/६. ७ ते ११ घरांच्या अंतरावर असाल तर तिला आधी सहा, आणि त्या सहाच्या जास्तीच्या पाळीत बरोबर तेवढं दान पडायला हवं: १/६ × १/६ = १/३६. सहाव्या घरावरून सातव्यावर सरकलात की धोका सहापटीने कमी. मागे दोन गोट्या असतील, एक तीन घरांवर आणि एक पाच घरांवर, तर सहाच्या जास्तीच्या पाळीचा हिशेब सोडून कापणारी दानं दोन, म्हणून २/६. दोन्ही गोट्या एकाच घरात एकावर एक असतील तर मात्र तेच एक दान, १/६.

दुसऱ्या दिवशी भाचीने फासा टाकला, दोन पडला. तिने हलवायची गोटी लगेच उचलली नाही. बोटाने मागची घरं मोजली, ओठांत काहीतरी पुटपुटली, आणि पाचव्या घरावरची गोटी सातव्यावर नेऊन ठेवली.